खरखरीची कुळकथा

बदलीमागून बदली होत असता घरातील पुष्कळ वस्तू मागे राहिल्या. वडिलांच्या ध्वनिमुद्रिकांची पेटी तेवढी मी सोडली नाही. येथे रांचीस आल्यावर मंडळातील स्नेह्यांना त्यातील बालगंधर्वांची एक तबकडी ऐकविली. "गळा अलौकिक, पण ही खरखर!" एक जण हळहळले. त्या खरखरीची कुळकथा सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. गायकाने कर्ण्यासमोर गावयाचे आणि त्या आवाजाच्या कंपनांनी सुईने मेणावर खाच कोरावयाची, अशी ती रीत होती. १९२५ नंतर विजेवरील मुद्रण आले. तोवर तंबोऱ्याची नाजूक आस कर्ण्याच्या हाती क्वचितच लागे. तबकड्या आरंभी जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. १९०८ पासून कलकत्त्यात छापल्या जाऊ लागल्या.

या तबकडीस आपण लाखेची म्हणतो, परंतु तीत लाखेहून दगडाची भुकटीच अधिक. भुकटीने तबकडीस काठिण्य येई, शिवाय पोलादी सुई पहिल्या फेऱ्यांतच झिजून खाचेत नीट बसे. म्हणूनच प्रत्येक बाजूस नवी सुई लागे. त्या कणांवरून सुई घासत जाते, तीच ही खरखर. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लाँगप्ले तबकडी आली. तीत ही भुकटी नव्हती, आणि खरखर पुष्कळच ओसरली.

लाख मात्र आपल्या शेजारची! पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसणारी छोटा नागपूरची वने तिचे माहेरघर. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये तिच्या संशोधनासाठी संस्थाही निघाली. मराठी नाट्यसंगीत घरोघर पोहोचले ते लाखेच्या पाठीवरून, हे आपण येथे राहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आज संगणक ही खरखर क्षणात पुसतो. परंतु हात जड पडला, तर तिच्याबरोबर गायकाचा श्वास आणि स्वरांची धारही पुसली जाते; गेलेले पुन्हा आणता येत नाही. म्हणून विनंती एवढीच, की कोणाच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर त्या भंगारात घालू नयेत. प्रथम त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. साफसफाई मागाहून, आणि तीही प्रतीवर करावी.