तिकीटखिडकीतला माणूस

२७ मार्च १९०२ रोजी कोलकात्याची पहिली विजेची ट्राम एस्प्लनेडहून खिदिरपूरला गेली. आपल्या मुंबईत विजेची ट्राम यायला १९०७ साल उजाडलं. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी देशातली पहिली मेट्रो सुटली तीही एस्प्लनेडहूनच; भवानीपूरपर्यंत, ३.४ किलोमीटर, पाच स्थानकं. मार्च २०२४मध्ये हुगळीच्या तळाखालून हावड्याला जाणारी गाडी सुरू झाली, तिचंही एक टोक एस्प्लनेडलाच होतं. नवं यंत्र आलं की ते आधी या चौकात उतरतं, हा इथला सव्वाशे वर्षांचा शिरस्ता. या यंत्रांचा इतिहास बऱ्याच जणांनी लिहिला आहे. यंत्र आणि उतारू यांच्या मधे जो माणूस असायचा, कंडक्टर, बुकिंग क्लार्क, तारबाबू, त्याचा कुणी फारसा लिहिला नाही. मला तो लिहावासा वाटतो, कारण या शहरात माझा निभाव त्याच्याच जिवावर लागला.

मी नागपूरची. दक्षिण-पूर्व रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी लागली आणि १९८३ साली गार्डन रीचच्या मुख्यालयात रुजू झाले. ही रेल्वे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या वंशातली, त्यामुळे नागपूरकराला ती परकी वाटत नाही. परकं होतं ते शहर. तालतल्यात खोली घेतली होती. सकाळी चालत एस्प्लनेडला यायचं, छत्तीस नंबरची ट्राम पकडून मैदानातून खिदिरपूर गाठायचं आणि तिथून बस.

त्या ट्रामचा कंडक्टर अजून डोळ्यांसमोर आहे. अंगात खाकी, खांद्याला कातडी पिशवी, उभ्या घडी घातलेल्या नोटा डाव्या हाताच्या बोटांत अडकवलेल्या. तिकिटांच्या गड्डीवरून अंगठा फिरवला की खर्रर्र आवाज यायचा, आणि 'तिकीट' असं तोंडाने म्हणायची गरजच पडायची नाही. गाडी सोडायची तर छताजवळची दोरी ओढायची, पुढे ड्रायव्हरजवळ घंटा वाजायची. पुढच्या डब्यात पंखे, भाडं थोडं जास्त. मागच्या डब्यात पंखे नाहीत, भाडं कमी. मी सुरुवातीला मागच्याच डब्यात बसत असे. तिथे बिहारकडून आलेले हमाल, न्यू मार्केटातले पाटीवाले, हातात पत्त्याची चिठ्ठी धरून बसलेल्या बायका. चिठ्ठी कंडक्टरच्या हातात जायची. तो वाचायचा, कुठे उतरायचं ते सांगायचा आणि स्टॉप आला की 'माशीमा, नामुन' म्हणून हाकही मारायचा. मला बंगाली येत नव्हतं तोवर मीही त्या बायकांपैकीच एक होते. त्या माणसाला पगार तिकीट फाडण्याचा मिळत होता. अक्षर न येणाऱ्याला शहर वाचून दाखवण्याचं काम तो वर करत होता, आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नव्हतं. हिशेब खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे जास्तच टोचतं.

ट्रामच्या भाड्यावरून या शहराने रक्त आटवलं आहे. कलकत्ता ट्रामवेज कंपनी १८८० साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं ब्रिटिशांच्याच हातात राहिली. १९५३च्या जुलैत कंपनीने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं. लोकांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं, हरताळ झाले, धरपकड झाली, आणि शेवटी ती वाढ मागे घ्यावी लागली. १९६७मध्ये सरकारने कारभार हाती घेतला, १९७६मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. भाडेवाढ सगळ्यांना एकाच दिवशी कळते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा निघतो. पण पुढे करोनात मेट्रोच्या पासासाठी फोनवर फॉर्म भरावा लागला, तेव्हा तो भरता येत नाही म्हणून जो घरीच थांबला, तो मोर्चाला येणार कसा? त्याच्यासारखे किती आहेत हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं?

एस्प्लनेडहून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की डलहौसी चौक. कोलकात्याच्या तारखात्याची तिथली इमारत. १८५५च्या फेब्रुवारीत तार सर्वसामान्यांना खुली झाली तेव्हा दर होता सोळा शब्दांना, पत्ता धरून, दर चारशे मैलांमागे एक रुपया. त्या काळचा मजूर असा रुपया कुठून आणणार? तंत्र देशभर पसरलं, पण पहिली कित्येक वर्षं ते सरकार, व्यापारी आणि साहेबांपुरतंच होतं. पुढे ते खालपर्यंत झिरपलं, ते दर उतरले म्हणून आणि खिडकीत तारबाबू होता म्हणून. १९८६ साली मुलगा झाल्याची तार मी नागपूरला केली, तेव्हा खिडकीतल्या बाबूंनी माझा फॉर्म वाचला, पेन्सिलीने चार शब्द खोडले आणि म्हणाले, 'दीदी, एवढ्यात कळेल त्यांना, उगाच पैसे कशाला?' आपल्याच खात्याचं उत्पन्न कमी करून माझे पैसे वाचवणारा तो माणूस! सण-लग्नाच्या शुभेच्छांना ठरावीक क्रमांक असत. कुठल्या प्रसंगाला कुठला क्रमांक, हे न वाचता येणाऱ्यालाही असेच बाबू सांगत. १४ जुलै २०१३ ही तारेची शेवटची तारीख ठरली. एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक या फुटपाथवर होते तेव्हाही हीच तऱ्हा. फोन बूथवाल्याचा, नंबर फिरवणारा तोच, बोलणारा गिऱ्हाईक. घरात फोन नसलेल्यांच्या हाती टेलिफोन आला तो असा.

मेट्रोच्या तिकिटाचा प्रवास याच चौकात मी डोळ्यांनी पाहिला. चुंबकीय पट्टीची तिकिटं होती तेव्हा फाटकाच्या फटीत तिकीट सारायचं, ते पुढच्या फटीतून वर यायचं, ते उचललं की वाट मोकळी. नवखा माणूस तिकीट उचलायलाच विसरायचा आणि तसाच निघायचा, मागचे ओरडायचे. २०११मध्ये प्लास्टिकचं गोल टोकन आलं. जाताना टेकवायचं, उतरताना फटीत टाकायचं. टोकन गरिबाला मानवलं असं माझं मत आहे: हातात धरता येतं, वाचावं लागत नाही, आणि नाणं दिलं की खिडकीतून मिळतं. प्रत्येक बदलाच्या वेळी फाटकाजवळ एखादा कर्मचारी उभा असे आणि दोन-तीन महिन्यांत लोक शिकत. तंत्राला लोक घाबरतात, हे मला कधीच पटलेलं नाही. दाखवणारा कुणी असेल तर कुणीही शिकतो.

मग करोना आला. मार्च २०२०मध्ये बंद झालेली मेट्रो १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. टोकन बंद, फक्त स्मार्ट कार्ड. आणि स्टेशनात शिरायला ई-पास. राज्य सरकारच्या 'पथदिशा' ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून ठरावीक वेळेचा पास काढायचा, फोनवर क्यूआर कोड येणार, दर तासाचा रंग वेगळा, तो दारातल्या पोलिसाला दाखवायचा. गर्दी रोखायला काहीतरी उपाय हवाच होता, हे मी मान्य करते. आजार खरा होता. पण त्याच सुमाराचं, २०१९ ते २१चं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आणि पश्चिम बंगालमध्ये अशा बायका जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे चारांपैकी तीन बायकांना ते दार स्वतःच्या हाताने उघडणं शक्य नव्हतं.

त्या महिन्यांत आमच्या इमारतीतले बरेच पास माझ्या फोनवरून निघाले. खालचे शिंपीकाका, दुसऱ्या मजल्यावरच्या विधवा मावशी, त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी मुलगी. स्वतःचा फोन असलेल्याला पास तिथेच पाठवायचा. ज्यांच्याकडे साधाच फोन होता त्यांना कागदावर छापून द्यायचा. पुढे ज्येष्ठांना सवलत मिळाली, मग बायका-मुलांना, आणि जानेवारी २०२१मध्ये ई-पास संपला. सवलतींचा हा क्रमच बोलका आहे. ज्यांना अडेल हे पहिल्या दिवशीच दिसत होतं, त्यांना एकेक करून महिन्यांनी वाट मिळाली.

साथ गेली, पण वारं त्याच दिशेने वाहतं आहे. ऑगस्ट २०२४पासून जोका-माझेरहाट मार्गावरच्या ताराताला आणि सखेर बाजार या स्थानकांवर तिकीटखिडकीच नाही. तिकीट यंत्रातून घ्यायचं. उतारू कमी आहेत, माणूस बसवणं परवडत नाही, हे कारण मला समजतं, मी जन्मभर असेच तक्ते तपासले. पण कमी उतारूंच्या स्थानकात एकटा अडलेला म्हातारा जास्तच एकटा असतो. शेजारी विचारायलाही कुणी नसतं. एस्प्लनेडला अजून खिडक्या आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये सियालदहपर्यंतचा तुकडा जोडला गेल्यापासून दक्षिणेकडच्या लोकलने येणाऱ्या कामकरी बायका थेट इथे उतरू शकतात. मागच्या डब्यात चिठ्ठी धरून बसणाऱ्यांच्या या लेकी-सुना. माझी छत्तीस नंबरची ट्राम मात्र अम्फान वादळानंतर बंद पडली ती पडलीच.

दादरला बहिणीकडे जाते तेव्हा मी तिकिटाच्या यंत्रांपाशी मुद्दाम थांबते. मुंबईच्या लोकल स्थानकांवर रेल्वेने या यंत्रांजवळ निवृत्त कर्मचारी नेमले आहेत. स्वतःचं कार्ड टेकवायचं, उतारू सांगेल त्या स्टेशनाचं तिकीट काढून द्यायचं, त्यावर कमिशन मिळतं. उतारू 'काका, एक कर्जत रिटर्न' म्हणतो, काका पडद्यावर बोट लावतात, तिकीट बाहेर. शेजारी दोन यंत्रं मोकळी असली तरी रांग काकांकडेच असते, आणि त्या रांगेत कॉलेजची मुलंही असतात. एस्प्लनेडला आणि खिडक्या बंद केलेल्या प्रत्येक स्थानकात पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत असा एक माणूस नेमावा, अशी माझी मागणी आहे. रेल्वेचे माझ्यासारखे कितीतरी पेन्शनर या शहरात आहेत. बोलावलं तर येतील. मी तर येईनच.