चष्म्याचा मोठा नंबर आणि आयसीएल : फायदे, धोके व काळजी

'बुबुळ पातळ आहे, लॅसिक करता येणार नाही,' असे सांगितल्यावर मोठा मायनस नंबर असलेल्या अनेकांना आयसीएलचा, म्हणजे डोळ्यात बसवायच्या लेन्सचा पर्याय सुचवला जातो. निर्णय घेण्यापूर्वी पुढील माहिती वाचा.

आयसीएल म्हणजे काय?
बाहुलीच्या मागे आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवलेली पातळ, मऊ लेन्स. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंग काढतात. इथे ते तसेच राहते. साधारण ३ मिमीच्या छेदातून घडी केलेली लेन्स आत सोडतात. सहसा थेंबांची भूल पुरते.

परिणाम कितपत चांगला?
मध्यम ते मोठ्या नंबरमध्ये बहुतेकांना चष्म्याशिवाय लांबचे स्पष्ट दिसते. लेसरने बुबुळ घासले जाते, इथे ते शाबूत राहते. त्यामुळे मोठ्या नंबरमध्ये दृष्टीचा दर्जा अनेकदा लेसरपेक्षा सरस मिळतो. गरज पडल्यास लेन्स काढता किंवा बदलता येते, पण त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

कोणासाठी योग्य?
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये या लेन्सला २१ ते ४५ वयोगटासाठी मान्यता दिली. वर्षभर नंबर स्थिर हवा आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली किमान ३ मिमी हवी. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात ही शस्त्रक्रिया करत नाहीत.

धोके कोणते?
- डोळ्याचा दाब वाढणे : लेन्स मापापेक्षा मोठी असल्यास ही शक्यता वाढते.
- मोतीबिंदू : लेन्स लहान पडून नैसर्गिक भिंगाला टेकल्यास. मधोमध सूक्ष्म छिद्र असलेल्या नव्या लेन्समध्ये हे दोन्ही धोके कमी झाले आहेत.
- बुबुळाच्या आतल्या पेशी घटणे : या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून त्यांची मोजणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही करतात.
- रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे : बहुतेकांना हळूहळू सवय होते.
- डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग : क्वचित होतो, पण गंभीर असतो.

नंबर गेला, तरी डोळा तोच
मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो आणि त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. आयसीएलने चष्मा सुटतो, डोळ्याची लांबी कमी होत नाही. पडदा फाटण्याचा किंवा सरकण्याचा आणि काचबिंदूचा धोका पूर्वीसारखाच राहतो. 'आता सगळे दिसते' म्हणून तपासणी बंद करणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासा. दाब, पेशी आणि लेन्सची जागाही पाहून घ्या. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागतोच.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा
- शस्त्रक्रियेनंतर डोळा ठणकणे, वाढती लाली, अचानक धूसर दिसणे, डोकेदुखीसह उलटी
- कितीही वर्षांनी, डोळ्यापुढे अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे

विचारा आणि जपून ठेवा
'माझ्या डोळ्याची खोली किती? पेशी किती? पडदा तपासला का?' हे प्रश्न जरूर विचारा. लेन्सचे कार्ड आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते उपयोगी पडतील.