जात्यावरील सख्य

मराठवाड्याच्या इतिहासाविषयीं बोलणें निघालें कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं पैठण, देवगिरी, कंधार, नांदेड हींच नांवें येतात. अर्धापुरासारख्या गांवाची आठवण झालीच तर ती तेथील केळीच्या बागांमुळें, किंवा फार तर केशवराजाच्या मंदिरामुळें होते. परंतु आज आम्हांस ज्या इतिहासाविषयीं लिहावयाचें आहे तो कोणीं दगडावर कोरून ठेविलेला नाहीं. दगड झिजवीत झिजवीत तो गाइला गेला आणि बहुतांशीं हवेंत विरून गेला. या पंचक्रोशींतील एकाद्या जुन्या घराच्या परसांत गेलें तर जातें उलथें पडलेलें दिसतें; कोठें त्यावर तुळशीची कुंडी ठेविलेली असते, कोठें तें न्हाणीजवळ पायरीसारखें बसविलेलें असतें. त्या दगडाभोंवतीं बायकांची एक नित्याची सभा भरत असे. तिच्यांत घरोघरचीं गाऱ्हाणीं सांगितलीं जात व ऐकिलीं जात. त्या सभेचा वृत्तांत हाच या लेखाचा विषय.

ही सभा रोजची कां होती, याचें कारण प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. आणि तें ज्वारींत आहे. मराठवाड्याचें मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. ज्वारीचें पीठ शिळें झालें कीं त्याचा चिकटपणा जातो आणि थापतांना भाकरीला भेगा पडतात. तेव्हां घरांत खाणारीं तोंडें जितकीं अधिक तितकें दळण अधिक, आणि तें रोजचें, अगर फार तर एक दिवसाआडचें. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून उजाडेपर्यंत तें उरकावयाचें, कारण पुढें पाणी, शेण, न्याहरी आणि शेत हीं कामें वाट पाहात असत. जड जातें एकटीला ओढवत नाहीं; म्हणून खुंट्याला दोघींचे हात लागत. समोरासमोर बसलेल्या दोघींपैकीं एकीनें मूठभर वैरण घालावयाची, दुसरीनें वेग राखावयाचा. या दोघी बहुधा जावा असत, कधीं नणंद-भावजया, कधीं सासू-सुना. घरांत दुसरी बाई नसली तर शेजारीण आपलें दळण घेऊन येई, आणि मग हिचें तिनें व तिचें हिनें असें साटेंलोटें चाले. या शेजारणीला ओव्यांत 'शेजी' म्हणतात. मराठी स्त्रीगीतांत ही शेजी इतक्या वेळां भेटते कीं तितक्या वेळां नवराही येत नसेल, असें आम्हांस कधीं कधीं वाटतें.

हा प्रकार किती जुना असावा? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११२९ सालीं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करितांना ओवी गातात अशी नोंद आहे. कल्याणी म्हणजे आजचें बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या सरहद्दीपासून तें फार लांब नाहीं, आणि देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं मंदिरें त्या राजवटीची साक्ष देत अद्याप उभीं आहेत. राजाच्या कानीं ज्या बायकांचें गाणें पडलें त्या कदाचित् याच मुलुखांतल्या असतील. निदान आम्हांस तसें मानावयास आवडतें. ज्ञानेश्वरी सांगितली गेली १२९० सालीं. म्हणजे तिच्या दीडशें वर्षें आधीं ओवी बायकांच्या मुखीं नांदत होती. ग्रंथकारांनीं ती त्यांच्याकडून उसनी घेतली असावी, आणि उसनवारीच्या हिशेबांत मूळ मालकिणीचें नांव मांडावयाचें मात्र राहून गेलें.

त्या मालकिणींपैकीं एकीचेंच नांव आम्हांस पक्कें ठाऊक आहे. गोदाकांठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरीं दासी होती. तिच्यासंगें विठ्ठल दळूं लागतो, ही कल्पना महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचली आहे. कीर्तनकार या प्रसंगांत देवाच्या भक्तवत्सलतेचें वर्णन करितात आणि तें योग्यच आहे. परंतु जातें ओढणाऱ्या बाईच्या जागीं बसून पाहिलें तर आणखीही एक गोष्ट दिसते. दासीला जाऊ नाहीं, नणंद नाहीं, हक्कानें हांक मारावी अशी शेजी नाहीं. खुंट्याला दुसरा हात नाहीं. तो हात देवाचा झाला. पंढरीच्या राजाला तिनें शेजीच्या जागेवर बसविलें, आणि पुढें शेंकडों वर्षें ज्या ज्या बाईला जोडीण मिळाली नाहीं तिला जनाबाईचा हा आधार पुरला.

आतां या सभेंत काय बोललें जाई तें पाहूं. मुलगी दहा-बारा वर्षांची होते न होते तोंच सासरीं जाई. १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. निजामाच्या राज्यास, आणि म्हणून अर्धापुरास, तो लागू नव्हता. या वयाच्या मुलीचें पहिलें गाऱ्हाणें माहेर हेंच असावयाचें. भाऊ दिवाळीस न्यावयास आला नाहीं. आला तर भावजयीनें तोंड फिरविलें. आईच्या पश्चात् माहेरची वाट सरली. नंतरचीं दुःखें त्यामागोमाग येतात: सासूचा उणादुणा शब्द, नणंदेची चहाडी, न झालेलें मूल, झालेल्या मुलीबद्दल बसलेलीं बोलणीं, नवऱ्याची उचललेली काठी, आणि कधीं दारांत येऊन उभी राहिलेली सवत. यांत असामान्य असें कांहींच नाहीं. बखरकारानें यांतील एकाही गोष्टीसाठीं दौत उघडली नसती. पण ज्या बाईवर ती वेळ आली तिच्या आयुष्यांत निजामाच्या गादीवर कोण बसला यापेक्षां भाऊ आला कीं नाहीं हीच घटना मोठी होती, आणि तो इतिहास तिनें स्वतः सांगितला आहे.

सांगण्याची रीत मात्र फार सावध असे. पहिल्या ओव्या मोजून देवांना वाहावयाच्या, मग आईबापांना, भावाला. आणि जातें भरधांव फिरूं लागलें, घरघर वाढली, म्हणजे हळूच मनांतलें काढावयाचें. सासू आंत अंथरुणावर जागी आहे हें सुनेला पक्कें ठाऊक असे. सून गाई कीं कोणा एकीचें सासर फार कडक आहे. ही कोणी एक कोण, हें सासूस कळे, शेजीस कळे, ओसरीवर निजलेल्या सासऱ्यासही कळे. पण जाब विचारावयाचा कोणाला? ओवी तर आईनें शिकविलेली, तिच्या आईनें तिला शिकविलेली. जुन्या ओवींत एक शब्द बदलला कीं ती आपली होई, आणि अंगावर आलें तर पुन्हां ती जुनी म्हणून सोडून देतां येई. दरबारी कवींना राजाविरुद्ध बोलतांना जी युक्ति सांपडली नाहीं ती या निरक्षर बायकांना सांपडली होती.

ऐकणारीचें कामही नुसतें हूं म्हणण्याचें नव्हतें. तिनें पुढची ओवी उचलावयाची. त्यांत ती आपलें दुःख शेजारीं ठेवी, कधीं धीर देई, आणि पुष्कळदां दटावीही: सासरचें उणें चव्हाट्यावर काढूं नये, बापाच्या नांवाला बोल लागतो. येथें आमच्या कांहीं विचारवंत मित्रांशीं आमचा मतभेद आहे. ते या ओव्यांत स्त्रियांचें बंड पाहतात. एवढें बंड आम्हांस त्यांत आढळत नाहीं. गाऱ्हाणें गाऊन झालें, पीठ सुपांत भरलें, कीं तीच सून त्याच सासूपुढें भाकरी वाढावयास बसे, आणि वीस वर्षांनीं सासू होऊन तेंच करी. मग हें नुसतें मन मोकळें करणें होतें काय? तसेंही म्हणवत नाहीं. जिला शेजी होती ती तगली. जिला नव्हती तिच्यासाठीं गांवांत विहीर होती. अशा विहिरी या भागांतच नव्हे तर सबंध महाराष्ट्रांत किती आहेत, हें जाणत्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

अर्धापूर हें हिंदु-मुसलमानांच्या मिश्र वस्तीचें गांव. दख्खनी बोलणाऱ्या घरांतूनही ज्वारीच दळली जाई आणि जातेंही तसलेंच असे. नांव तेवढें चक्की. विजापूरच्या चिश्ती सूफींनीं सतराव्या शतकांत 'चक्कीनामा' नांवाचा एक काव्यप्रकारच रूढ केला. त्यांत चक्कीचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नांवाचें पहिलें अक्षर, अशा तऱ्हेनें धर्माचीं तत्त्वें दळणाऱ्या बायकांस समजावून दिलेलीं आहेत. योजना मोठी कुशल खरी. पण तींत बाईनें ऐकावयाचें व गिरवावयाचें. तिचें स्वतःचें सांगणें तींत नाहीं.

याच सुमारास पुण्या-मुंबईकडे काय चाललें होतें तें आठवलें म्हणजे अंतर ध्यानांत येतें. मराठवाड्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून पुरुषजातीस उघड जाब विचारला. त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्यास आर्य महिला समाज काढला. १९३० सालीं किर्लोस्करांचें 'स्त्री' मासिक निघालें आणि मध्यमवर्गीय गृहिणीला आपली अडचण कागदावर मांडण्याची संवय लागली. निजामी राज्यांत सरकारी व्यवहार उर्दूंत. १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचें. मराठी शाळा थोड्या, त्यांत मुलींच्या त्याहून थोड्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपेपर्यंत या भागांतील बाईला मासिक कोठचें आणि पत्र कोठचें? जातें हेंच तिचें मासिक, आणि वर्गणी म्हणजे सुपांतलें धान्य.

हीं गाणीं कागदावर आलीं तीं उशिरां, आणि निवडून निवडून आलीं. साने गुरुजींनीं 'स्त्री जीवन' या संग्रहांत त्यांचा मोठा ठेवा जतन केला. त्याच दशकांत कमलाबाई देशपांडे यांनीं 'अपौरुषेय वाङ्मय' या मार्मिक नांवाखालीं स्त्रीगीतांचा अभ्यास केला. पुरुषानें न रचलेलें तें अपौरुषेय, हा श्लेष त्यांचा. गुरुजींचें ऋण मोठेंच आहे. तथापि त्यांचा स्वभावच वात्सल्याचा. भाऊ-बहिणीच्या मायेची ओवी त्यांच्या ओंजळींत आपसुक येई, काठीची व सवतीची ओवी तितक्या सहजतेनें येत नसावी. शिवाय गाणारीनें कोणापुढें काय गावें हेंही आहेच. परक्या सभ्य गृहस्थापुढें कोणती बाई आपल्या घरचें सगळें उघडें करील?

हा पडदा पुष्कळसा दूर केला तो पुण्याच्या हेमा राईरकर आणि जन्मानें फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनीं. ऐंशीच्या दशकापासून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्यांत खेड्यांतल्या बायकाही होत्या, हजाराहून अधिक गांवांतून तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखावर ओव्या लिहून घेतल्या आणि सासू-सून, बहीण-भाऊ, आई-मुलगी अशा विषयवारीनें लावून ठेविल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें ध्वनिमुद्रणेंही झालीं. पॉइटवाँ २००४ सालीं वारले, राईरकर २०१० सालीं. त्यांच्या संग्रहांत बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांत १९९६ सालीं मुद्रित झालेल्या ओव्या आहेत, आणि आमच्या मतें तें या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान आहे. वेशीबाहेरच्या वस्तीवर पूर्वीचा संग्राहक क्वचितच गेला. तेथील बायकांनीं पहिली ओवी देवाला वाहण्याच्या जुन्या रीतींत बाबासाहेब आंबेडकरांस, रमाबाईंस आणि बुद्धांस बसविलें. साचा तोच राहिला, आणि जनाबाईनें ज्या मोकळेपणानें आपला सोबती निवडला त्याच मोकळेपणानें त्यांनींही निवडला. वरच्या आळीच्या जात्यावर या बायकांना कधीं शेजी म्हणून बसूं दिलें नव्हतें, हेंही येथें लिहून ठेवणें अवश्य आहे. सख्याला जातीचें कुंपण होतें.

पुढें गांवोगांव गिरण्या आल्या. प्रथम तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. बायकांचे खांदे हलके झाले, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांनीं एकदां पायलीभर ज्वारी दळून पाहावी, म्हणजे त्यांची हळहळ बरीच कमी होईल. गिरणीपुढें डबे घेऊन बायका उभ्या राहात, बोलतही. पण पट्ट्याच्या आवाजांत गाणें कोठून टिकणार? १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतल्या हजारों बायका खडी फोडावयास व मातीकामास एकत्र आल्या, सुकडीसाठीं एका रांगेंत बसल्या. तेथें घरचें गाऱ्हाणें बोलण्यास वेळ असे आणि आडून बोलण्याचें कारण नसे, कारण सासूही शेजारींच खडी फोडीत असे. १९९० नंतर बचत गट आले. त्यांच्या बैठकींत हप्त्याचा हिशेब आधीं होतो आणि घरचें बोलणें नंतर, पण होतें. अर्धापूरच्या भागांत इसापूर धरणाचें पाणी आलें, ऊस-केळी वाढली, आणि मजुरीस जाणाऱ्या बायकांच्या टोळ्या हींच नवीं जातीं झालीं, असें कोणी म्हटलें तर आम्ही हरकत घेणार नाहीं.

जातें अजून एका दिवशीं मात्र घरांत येतें. लग्नाच्या हळदीस तें धुवून, सूत गुंडाळून, कुंकू लावून मांडवांत ठेवितात. पांच सवाशिणी खुंट्याला हात लावितात आणि म्हाताऱ्या बायका आठवतील तितक्या ओव्या म्हणतात. अशा एका हळदीस आम्ही या भागांत गेलों होतों. सगळ्यांत अधिक ओव्या ज्या आजींना येत होत्या त्या भिंतीशीं बसून अडलेला शब्द पुरवीत होत्या. त्या विधवा होत्या. रोजच्या जात्यावर त्यांनीं चाळीस वर्षें दळलें, आणि तेथें सवाशीण कोण व विधवा कोण हें कोणीं विचारलें नव्हतें. मांडवांतल्या जात्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शब्द पुरवून झाला कीं त्या पदर तोंडाशीं धरून पुन्हां गप्प बसत.