महासाथ मदतनिधीचे शहरी व्यवस्थापन : डेट्रॉइट

कोविड-१९ च्या साथीत अमेरिकेच्या संघ सरकारने राज्यांना, जिल्ह्यांना आणि शहरांना एकदाच मिळणारे मोठे अनुदान दिले. मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराच्या वाट्याला त्यातून ८२ कोटी ६७ लाख डॉलर आले. अमेरिकी शहरांत हा पाचव्या क्रमांकाचा वाटा होता. २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केलेल्या या शहराने हा पैसा कसा विभागला, कशावर खर्च केला आणि त्याचा हिशेब कसा ठेवला, हे स्थानिक वित्तव्यवस्थेच्या अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी. मोटार उद्योगाची राजधानी म्हणून वाढलेल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती ६,३९,१११ भरली. उद्योग आणि माणसे शहराबाहेर गेली. रस्ते, जलवाहिन्या आणि निवृत्तिवेतनाची देणी मात्र मागे राहिली. १८ जुलै २०१३ रोजी शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. डिसेंबर २०१४ मध्ये शहर त्यातून बाहेर पडले, ते कडक अटी स्वीकारूनच. मुख्य वित्त अधिकारी नेमणे, चार वर्षांचा वित्तीय आराखडा करणे आणि वर्षातून दोनदा महसूल अंदाज परिषद घेणे या गोष्टी राज्याच्या कायद्याने बंधनकारक झाल्या. मदतनिधी हाती आला तेव्हा ही यंत्रणा उभी होती आणि तिचा शहराला मोठा उपयोग झाला.

साथीचा घाव शहराच्या उत्पन्नावर दोन बाजूंनी बसला. १६ मार्च २०२० रोजी तिन्ही कॅसिनो बंद झाले आणि त्यांच्यापासून मिळणारा कर आटला. ऑगस्टमध्ये ते उघडले, तेही पंधरा टक्के क्षमतेने. दुसरा फटका प्राप्तिकराचा. डेट्रॉइट रहिवाशांकडून २.४ टक्के आणि बाहेरून कामाला येणाऱ्यांकडून १.२ टक्के प्राप्तिकर घेते. बाहेरचे नोकरदार घरून काम करू लागले, तसा शहराबाहेर काम केलेल्या दिवसांवरचा कर शहराला मिळेना. महसूल घटल्यामुळे २०२० च्या एप्रिलमध्येच शहराने हंगामी आणि अर्धवेळ कर्मचारी कमी केले. त्याच वेळी चाचण्या, रुग्णसेवा आणि पुढे लसीकरण असा नवा खर्च वाढतच होता. टीसीएफ सेंटर या प्रदर्शन संकुलाच्या वाहनतळात लोकांना गाडीतच बसवून लस दिली गेली.

निधीचे दोन टप्पे. पहिला टप्पा २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याचा. त्यातील १५० अब्ज डॉलरच्या निधीतून पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांना थेट रक्कम मिळाली. डेट्रॉइटला सुमारे ११ कोटी ७० लाख डॉलर आले. हा पैसा साथीमुळे उद्भवलेल्या आणि आधीच्या अर्थसंकल्पात नसलेल्या खर्चालाच लावता येत होता. बुडालेला महसूल त्यातून भरून काढायला मनाई होती. म्हणजे शहराला मुखपट्ट्या घेता येत होत्या, पण करवसुली घटल्यामुळे घरी बसवलेल्या माळ्याचा पगार देता येत नव्हता.

ही उणीव दुसऱ्या टप्प्याने भरून काढली. ११ मार्च २०२१ रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यावर सही केली. १.९ लाख कोटी डॉलरच्या या कायद्यात राज्ये आणि स्थानिक संस्थांसाठी ३५० अब्ज डॉलर होते. त्यातले ४५.५७ अब्ज मोठ्या शहरांना थेट मिळाले. लहान गावांचा वाटा राज्यांमार्फत लोकसंख्येच्या प्रमाणात गेला. मोठ्या शहरांची वाटणी मात्र समुदाय विकास अनुदानाच्या जुन्या सूत्राने झाली. हे सूत्र गरिबी, १९४० पूर्वीची घरे आणि खुंटलेली लोकसंख्यावाढ यांना वजन देते. त्यामुळे सुमारे सोळा लाख वस्तीच्या फिनिक्सला ३९ कोटी ६० लाख डॉलर मिळाले, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी वस्तीच्या डेट्रॉइटला दुपटीहून अधिक, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले ८२ कोटी ६७ लाख. दीर्घकाळ खंगलेल्या शहराला जास्त देणारे हे सूत्र न्याय्यच म्हटले पाहिजे.

रक्कम दोन हप्त्यांत, आगाऊ मिळाली; पहिला हप्ता २०२१ मध्ये आणि दुसरा वर्षभराने. शिल्लक रकमेवरचे व्याज शहराकडेच राहिले.

खर्चाची चौकट. अर्थखात्याचे अंतरिम नियम मे २०२१ मध्ये आले. अंतिम नियम जानेवारी २०२२ मध्ये जाहीर होऊन १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यांत खर्चाच्या चार वाटा ठरल्या : साथीला आणि तिच्या आर्थिक परिणामांना तोंड देणे, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना जोखीम भत्ता, बुडालेल्या महसुलाइतक्या रकमेतून नेहमीच्या सरकारी सेवा, आणि पाणीपुरवठा, मलनिस्सारण व ब्रॉडबँडची कामे. निवृत्तिवेतन निधीत भरणा, कर्जफेड आणि राखीव गंगाजळी यांना मनाई होती. २०२२ च्या अखेरीस संसदेने नैसर्गिक आपत्ती आणि रस्ते-वाहतूक यांचीही भर घातली.

महसूलतूट मोजण्याचे सूत्र ठरलेले होते. साथीपूर्वीचे शेवटचे पूर्ण वर्ष हे मूळ वर्ष धरायचे. त्यावर दरवर्षी किमान ५.२ टक्के वाढ गृहीत धरायची. आधीच्या तीन वर्षांची सरासरी वाढ याहून जास्त असेल तर ती घ्यायची. असा अपेक्षित महसूल आणि प्रत्यक्ष जमा यांतला फरक म्हणजे तूट. उदाहरणार्थ, मूळ वर्षात १०० डॉलर आले असतील तर पुढच्या वर्षी १०५.२० अपेक्षित. जमा ९० झाले, तर तूट १५.२० डॉलर. तेवढी रक्कम अबंधित अनुदानासारखी वापरता येते आणि तिच्यावरचा कागदपत्रांचा भारही बराच हलका असतो. आकडेमोडीत पडायचे नसलेल्या लहान संस्थांना एक कोटी डॉलरपर्यंत सरसकट तूट धरण्याची मुभा दिली गेली.

पहिल्या वाटेने खर्च करायचा तर लाभार्थ्याला साथीची झळ बसली हे दाखवावे लागते. ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील कुटुंबे आणि गरीब म्हणून नोंदलेले जनगणना विभाग यांच्याबाबत ही झळ गृहीत धरली जाते. दहा लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या भांडवली कामाचे लेखी समर्थन जोडावे लागते.

डेट्रॉइटची आखणी. डेट्रॉइटचा महापौर शहराचा कार्यकारी प्रमुख असतो. महाराष्ट्रात जे अधिकार महापालिका आयुक्ताकडे असतात, त्यांतले बरेचसे त्याच्याकडे असतात. खर्चाची मंजुरी मात्र नऊ सदस्यांच्या नगर परिषदेकडे असते. तत्कालीन महापौर माइक डग्गन यांच्या प्रशासनाने मसुदा केला, वस्त्यावस्त्यांत जाहीर सभा झाल्या आणि २०२१ च्या उन्हाळ्यात परिषदेने विनियोजन मंजूर केले. सुमारे ४० कोटी डॉलर बुडालेल्या महसुलाच्या भरपाईसाठी आणि ४२ कोटी ६० लाखांच्या आसपास वस्त्यांतील कामांसाठी, अशी सरळ विभागणी झाली.

या विभागणीत शहाणपण होते. एकदाच मिळणाऱ्या पैशातून कायमच्या नोकऱ्या उभ्या केल्या, तर निधी संपताच पगाराचा बोजा शहराच्या सर्वसाधारण निधीवर येतो. डेट्रॉइटने पहिला हिस्सा उत्पन्न पूर्ववत होईपर्यंतची दरी बुजवायला ठेवला आणि दुसरा मुख्यतः मुदतबंद कामांना दिला. घरदुरुस्ती, पडीक इमारती पाडणे, उद्याने, रोजगार व कौशल्य शिक्षण, सार्वजनिक सुरक्षा, छोटे व्यवसाय आणि इंटरनेटची सोय हे त्यातले मुख्य विषय. १९५० च्या दशकात बंद पडलेल्या पॅकार्ड मोटार कारखान्याचे भग्नावशेष पाडण्याचे काम २०२२ मध्ये सुरू झाले, त्यातही हा पैसा लागला. शहराभोवती आखलेल्या साडेसत्तावीस मैलांच्या जो लुईस ग्रीनवे या पायवाटेलाही वाटा मिळाला. ‘स्किल्स फॉर लाइफ’ योजनेत उमेदवार आठवड्यातले काही दिवस शहराच्या कामावर असतो आणि उरलेले दिवस शिकतो. दोन्हींचे वेतन मिळते.

एका छपराचा प्रवास. ‘रिन्यू डेट्रॉइट’ ही घरदुरुस्ती योजना या निधीचे नियम जमिनीवर कसे उतरतात ते दाखवते. तिला सुरुवातीला तीन कोटी डॉलर मिळाले. ६२ वर्षे पूर्ण केलेल्या किंवा अपंग, आणि कमी उत्पन्नामुळे घरपट्टीत सवलत मिळालेल्या घरमालकांसाठी ती होती. आधी छपरे, मग खिडक्या असा क्रम ठेवला गेला. घरपट्टीच्या सवलतीची अट घालण्यामागे व्यावहारिक विचार होता. ज्याच्या उत्पन्नाची पडताळणी एकदा झाली आहे, त्याला पुन्हा कागद गोळा करायला लावायचे नाही.

अशा कामाच्या फाईलमध्ये पात्रतेचा आणि मालकीचा पुरावा, घराच्या पाहणीचा अहवाल, स्पर्धात्मक निविदेतून निवडलेल्या ठेकेदाराशी केलेला करार, काम झाल्यावरची तपासणी आणि देयक एवढे तरी असावे लागते. विमा किंवा दुसरी सरकारी योजना याच छपराचे पैसे देत नाही ना, हेही पाहावे लागते. यातला एक कागद राहिला, तरी कित्येक वर्षांनी लेखापरीक्षक तो खर्च नामंजूर करू शकतो आणि रक्कम शहराच्या अंगावर पडते. अर्जदारांच्या मानाने पैसा फारच तोकडा होता. वर साथीनंतर लाकूड, छपराचे साहित्य आणि मजुरी महागली आणि कुशल ठेकेदार मिळेनात.

जून २०२१ च्या अतिवृष्टीत हजारो तळघरांत सांडपाणी शिरले. त्यानंतर तळघरसंरक्षण योजना आली. मलवाहिनीतले पाणी घरात उलटे शिरू नये म्हणून एकतर्फी झडप आणि पाणी उपसणारा पंप बसवून देणे हे तिचे काम. मोठी मलवाहिनी बदलायला दशके आणि अब्जावधी लागतात; झडप एका घराला पुढच्या पावसापूर्वी वाचवू शकते.

हिशेब आणि तपासणी. खर्चाचा हिशेब मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे असतो. अडीच लाखांहून मोठ्या शहरांना दर तिमाहीला प्रकल्प व खर्चाचा अहवाल अर्थखात्याला द्यावा लागतो. शिवाय दरवर्षी पुनरुभारणी आराखडा लोकांसाठी संकेतस्थळावर ठेवावा लागतो. वर्षाला साडेसात लाख डॉलरहून अधिक संघीय अनुदान खर्च करणाऱ्या संस्थेचे स्वतंत्र एकल लेखापरीक्षण होते. पुढे ही मर्यादा दहा लाखांवर नेली गेली.

संस्थांमार्फत पैसा खर्च करताना तीन नाती वेगळी ओळखावी लागतात. वस्तू किंवा सेवा विकणारा तो ठेकेदार. शहराच्या वतीने योजना राबवणारी ती उपअनुदानित संस्था. तिला संघीय नियम लागू होतात आणि तिच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी शहराची असते. स्वतःच्या नुकसानीपोटी मदत घेणारा तो लाभार्थी. एखाद्या स्वयंसेवी संस्थेला चुकून लाभार्थी मानले तर देखरेखच होत नाही. साध्या ठेकेदाराला उपअनुदानित मानले तर कागदांचा डोंगर उगीच उभा राहतो.

मुदती. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत संपूर्ण रकमेचे दायित्व निश्चित करणे, म्हणजे करार, कार्यादेश किंवा उपअनुदान कागदावर येणे, बंधनकारक होते. प्रत्यक्ष खर्चाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ठेवली गेली. पहिल्या तारखेपर्यंत न बांधलेली रक्कम संघ सरकारला परत जाते. अर्थसंकल्पात तरतूद केली म्हणजे दायित्व झाले, असे होत नाही. त्यामुळे २०२४ मध्ये शहरांना रखडलेल्या योजनांचा पैसा काढून तयार कामांकडे वळवावा लागला. त्या तारखेनंतर नवे काम हाती घेता येत नाही. ठेकेदार सोडून गेला तर त्याच कामाला दुसरा नेमण्यासारखे मोजके फेरबदल चालतात.

मूल्यमापन. सेवा कोलमडल्या नाहीत आणि शहर पुन्हा कर्जाच्या गर्तेत गेले नाही, हे या निधीचे पहिले यश. २०२४ मध्ये मूडीज आणि एसअँडपी या दोन्ही संस्थांनी डेट्रॉइटला गुंतवणूकयोग्य पतदर्जा परत दिला. त्यामागे दशकभराची वित्तीय शिस्तही होती. मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. नवे छप्पर मिळालेल्या घरांच्या कितीतरी पट घरे अजून गळकी आहेत, आणि कौशल्य शिक्षणासारख्या यशस्वी योजना पुढे चालवायच्या तर त्यांचा खर्च शहराला स्वतःच्या करातून उचलावा लागतो. संकटकाळात शहरांना थेट, लवकर आणि गरजेच्या प्रमाणात पैसा देता येतो, हे या कायद्याने दाखवून दिले. तो पैसा सत्कारणी लावायला हिशेबाची यंत्रणा आधीपासून उभी असावी लागते, हा डेट्रॉइटचा धडा आहे. संकट आल्यावर ती उभारायला वेळ मिळत नाही.