‘गणिताच्या गोळ्या’ आणि आईची वही

गेल्या दिवाळीनंतर एका रात्री अकराला मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी तपासण्या करून एडीएचडीचं निदान केलं होतं आणि मिथाइलफेनिडेट लिहून दिलं होतं. गोळ्यांची स्ट्रिप तीन दिवस फ्रिजवर तशीच पडून होती. “तू औषधांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, देऊ की नको?”

मी म्हटलं, “ताई, मी केमिस्ट्रीवाली. आता औषधांचा इतिहास वाचते. डॉक्टर नाही गं.” फोन ठेवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण त्या आठवड्यात माझ्या टेबलावर नेमके याच औषधांच्या पूर्वजांचे पेपर होते, आणि ते वाचताना मला सारखं एकच वाटत होतं, की या सगळ्या गोष्टीत आईबाप कुठे आहेत? आज तुम्हाला तेच सांगते.

गोष्टीची सुरुवात मात्र आईबापांपासूनच होते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये जॉर्ज आणि हेलन ब्रॅडली यांना एकच मुलगी होती, एमा. सातव्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला आणि ती कायमची अपंग झाली. अशा मुलांसाठी तेव्हा कुठेच काही सोय नव्हती. म्हणून या दांपत्याने आपली मालमत्ता मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली आणि ते 1931 मध्ये सुरू झालं. फक्त मुलांसाठी असलेलं अमेरिकेतलं ते पहिलं मनोरुग्णालय.

तिथेच जॉर्ज यांच्या नात्यातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करत होते. मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी तेव्हा पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरत. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, देऊन पाहिलं. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही, पण काही मुलं वर्गात अचानक मन लावून अभ्यास करू लागली.

मग त्यांनी 5 ते 14 वर्षांच्या 30 मुलांवर पद्धतशीर प्रयोग केला. एक आठवडा औषधाविना निरीक्षण, एक आठवडा औषध, पुन्हा एक आठवडा औषधाविना. 1937 मध्ये पेपर आला. 30 पैकी 14 मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली होती. औषध बंद केलं की परिणाम पहिल्याच दिवशी ओसरायचा. मुलांनी स्वतःच या औषधाला नाव ठेवलं : ‘गणिताच्या गोळ्या’.

आता इथे जरा थांबा. औषधाने मुलांमध्ये काय बदललं, हे कोणी पाहिलं? नर्सनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी. मुलं रुग्णालयातच राहत असल्यामुळे पाहणारे डोळे चोवीस तास हजर होते. पण घरी असे डोळे कोणाचे?

हा प्रश्न यायला वेळ लागला. पुढची काही दशकं अमेरिकेत मनोविश्लेषणाचा जोर होता. मूल बिघडलं तर घरात काय चुकलं, आईचं काय चुकलं, हे आधी शोधलं जायचं. म्हणजे आईबाप या गोष्टीत आले, पण आरोपी म्हणून.

दरम्यान 1944 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पॅनिझॉन यांनी मिथाइलफेनिडेट बनवलं. त्यांच्या बायकोचं लाडकं नाव रिटा, त्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. 1960 च्या दशकात मुलांवर याच्या नीट चाचण्या सुरू झाल्या आणि मोजमापासाठी 1969 मध्ये कीथ कॉनर्स यांची प्रश्नावली आली. ती होती शिक्षकांसाठी. पालकांची प्रश्नावली त्यानंतर आली.

मग 1970 मध्ये स्फोट झाला. ओमाहा शहरातल्या शाळांमधली 5 ते 10 टक्के मुलं अशी औषधं घेतात, अशी बातमी छापून आली. आकडा पुढे वादग्रस्त ठरला, पण घबराट खरी होती. त्याच वर्षी अमेरिकी संसदेत सुनावणी झाली. शाळा आईबापांवर दबाव आणते का, हा खरा मुद्दा होता. त्याचं उत्तर कायद्यात यायला 2004 उजाडलं : मुलाला वर्गात बसू देण्यासाठी असं औषध घेण्याची अट शाळेला घालता येणार नाही. शिक्षक काय दिसतं ते सांगू शकतात, निर्णय मात्र पालक आणि डॉक्टरांचा.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. मुलांना देण्यात येणाऱ्या नैराश्यावरच्या औषधांच्या 24 चाचण्यांचे आकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एकत्र केले. आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के, तर नुसत्या साध्या गोळीवर 2 टक्के दिसलं. एकाही मुलाचा मृत्यू झाला नव्हता. पण वेष्टनावर काळ्या चौकटीत इशारा आला, आणि त्यात कुटुंबाने बारीक लक्ष ठेवून डॉक्टरांना कळवावं, असंही होतं. निरीक्षक म्हणून घरच्यांची जागा आता औषधाच्या कागदावरच छापली गेली.

लक्ष ठेवल्याने खरंच फरक पडतो का? 1999 मध्ये 579 मुलांच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एका गटाला औषध देताना डोस हळूहळू ठरवला, दर महिन्याला भेट घेतली, शिक्षकांशी बोलून माहिती घेतली. दुसऱ्या गटातली मुलं नेहमीच्या डॉक्टरांकडे जात होती, आणि त्यांच्यातल्याही सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषध होतंच. तरी 14 महिन्यांनी पहिला गट सरस ठरला. तीन वर्षांनी मात्र गटांमधला फरक उरला नाही. तोपर्यंत ती काटेकोर देखरेख केव्हाच संपली होती. फरक मिटण्याचं कारण तेवढं एकच असेल असं नाही, पण एवढं दिसतं की गोळी एकदा सुरू केली की काम संपलं, असं होत नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं. आपल्याकडेही मिथाइलफेनिडेट एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हणूनच डॉक्टरांशी सविस्तर बोल, मनाने डोस वाढवू-कमी करू नकोस, आणि देण्याआधीचा एक आठवडा नुसता लिहून काढ. ब्रॅडलींनी नेमकं हेच केलं होतं. झोप, डबा, अभ्यास, चिडचिड. रोज चार ओळी.

महिन्याभराने तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. “डबा अर्धा परत. संध्याकाळी सहानंतर रडका. गृहपाठ 25 मिनिटं, न उठता.” ती वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली होती. आता गोळीच्या आधी पोटभर नाश्ता द्यायचा आणि वजन दर महिन्याला बघायचं, असं ठरलं होतं.

पानाच्या तळाशी वेगळ्या, वाकड्या अक्षरात एक ओळ होती : “मला दुपारी भूक लागत नाही पण बाई ओरडत नाहीत.” हे त्याने स्वतः लिहिलं होतं. 1937 च्या त्या मुलांनीही आपला अनुभव आपल्या शब्दांत सांगितला होता. तुमच्या घरात अशी स्ट्रिप असेल तर एक वही आणा, आणि तिच्यात एक ओळ मुलासाठी मोकळी ठेवा.