धनुष्य, एकसंध लाकडी

एकाच लाकडातून तासून काढलेले, कुठेही सांधा नसलेले धनुष्य. शिंग, स्नायू किंवा काचतंतूंचे थर चिकटवून केलेल्या धनुष्यांहून ते वेगळे. त्याची सारी ताकद लाकडाच्या तंतूंमध्ये असते आणि ते मोडण्याची बहुतेक कारणेही तिथेच सापडतात.

आल्प्स पर्वतात 1991 साली बर्फातून मिळालेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या माणसाजवळ यू वृक्षाच्या लाकडाचे 1.82 मीटर लांबीचे धनुष्य होते. ते अपुरे होते. अंगावर तासणीच्या खुणा तशाच होत्या आणि दोरी अडकवण्याच्या खाचा अजून पाडलेल्या नव्हत्या. ओट्झीचे काम जिथे थांबले, तिथून पुढेच नवशिक्याची खरी कसोटी लागते.

धनुष्य ओढले की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे ‘पाठ’, ताणली जाते आणि धनुर्धराकडची बाजू, म्हणजे ‘पोट’, दाबली जाते. निर्दोष लाकूड दाबापेक्षा ताण जास्त सोसते. त्यामुळे जास्त भार आला तर आधी पोट हार मानते. दोरी उतरवल्यावरही धनुष्य थोडे वाकलेलेच राहते किंवा पोटावर नखाने ओढल्यासारख्या बारीक आडव्या रेघा उमटतात. या रेघा ओरखडे नसतात. त्या जागी तंतू चुरडलेले असतात. रेघा दाट झाल्या की धनुष्य तिथेच बसते.

पाठ मात्र बेसावध गाठते. तिचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतील तोवर ती टिकते. रंधा चालवताना एखादे वार्षिक वलय कापले गेले किंवा लाकडाची रेषाच तिरपी जाऊन कडेला निघाली, तर त्या तुटलेल्या टोकापाशी ढलपी उचलते. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढच्या एक-दोन ओढींत धनुष्याचे दोन तुकडे होतात. म्हणून कसबी कारागीर पाठीवर एकच वलय शेवटपर्यंत राखतो आणि गाठ आली तर तिच्याभोवती थोडे जास्त लाकूड सोडतो. इंग्लंडच्या लांब धनुष्यात यूचे ताण सोसणारे फिकट रसकाष्ठ पाठीला आणि दाब सोसणारे लालसर मध्यकाष्ठ पोटाला येते. 1545 मध्ये पोर्ट्समथजवळ बुडालेले आणि 1982 मध्ये वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे जहाज अशा धनुष्यांचा मोठा ठेवा आहे. तिथे दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. त्यांतल्या अनेकांची ओढ 100 पौंडांच्या वर असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नवशिक्याने तो आकडा डोक्यात घेऊ नये!

सातपुड्यातील भिल्लांच्या बांबूच्या धनुष्यात वलयांचा प्रश्नच येत नाही. बांबूला वार्षिक वलये नसतात आणि त्याचे सर्वांत दाट, चिवट तंतू सालीलगत असतात. त्या धनुष्याची दोरीही बांबूच्याच चिरफळीची असते.

नवशिक्यांची धनुष्ये बहुतेक वेळा घाईने मोडतात. दोन्ही बाहू सारखे वाकावेत म्हणून पोटाकडून थोडे थोडे लाकूड खरवडण्याच्या कामाला ‘टिलरिंग’ म्हणतात, आणि धनुष्य घडते ते याच कामात. बाहूचा ताठपणा जाडीच्या घनानुसार बदलतो. जाडी एक दशांशाने कमी केली की ताठपणा सुमारे 27 टक्के उतरतो. त्यामुळे एका जागी पटाशीचे चार हात जास्त बसले की तिथे बिजागरी तयार होते. सगळा वाक तिथेच गोळा होतो आणि बाकीचा बाहू नुसता ताठ राहतो. अशा वेळी कमजोर जागेवर पेन्सिलीने फुली मारावी, तिला हात लावू नये आणि उरलेला भाग खरवडत तिच्या बरोबरीला आणावा.

शिकताना सरळ रेषेची, गाठ नसलेली हिकोरी किंवा लाल ओकची फळी घ्यावी. लाकडातली आर्द्रता आठ ते दहा टक्के असावी. फार सुके लाकूड ठिसूळ होते, ओले लाकूड वाकलेलेच राहते. 28 इंचांच्या ओढीसाठी धनुष्याची लांबी किमान 66 इंच ठेवावी आणि 30 ते 35 पौंडांच्या ओढीवर समाधान मानावे. आधी सैल, लांब दोरी लावून बाहू दोन-चार इंचच वाकवावेत. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलकेच ओढून मगच पाहावे, कारण कमी झालेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. ठरवलेल्या वजनापुढे धनुष्य एकदाही ओढू नये.

बाण न लावता दोरी सोडणेही घातक ठरते, कारण बाणाबरोबर जाणारी ऊर्जा उलटून बाहूंवर आदळते. पूर्ण ताणलेले धनुष्य बोलत उभे राहून धरणे हीसुद्धा सुरुवातीला हमखास होणारी चूक आहे. टिलरिंग करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि धनुष्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

पुस्तकांतून हे कसब शिकणाऱ्यांसाठी सॅक्सटन पोप यांचे 1923 सालचे ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ आजही उपयोगी आहे. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस म्हणून ओळखला जाणारा इशी हा या शल्यविशारदाचा गुरू. तो 1911 मध्ये रानातून बाहेर आला आणि 1916 मध्ये वारला. पोप त्याच्या शेजारी बसून, हात पाहत शिकले.

पहिले धनुष्य मोडले तर तुकडे चुलीत घालू नयेत. त्यांवर लाकूड, लांबी आणि ओढ लिहून ठेवावी. मोडलेल्या जागी पाठीवर तिरपी ढलपी दिसते की पोटावर आडव्या रेघा, एवढे पाहून पुढची फळी निवडावी.