लाल, हिरवा आणि जुनी भिंत : बर्लिनच्या एका ठाण्याची गोष्ट

इतिहास म्हटलं की आपण किल्ल्यांकडे धावतो. आज जरा एका फायर स्टेशनकडे जाऊया. गंमत म्हणजे तेच पोलीस ठाणंही आहे.

जर्मनी 1990 मध्ये एक झाली. राजधानीचं कामकाज बॉनहून बर्लिनला हलवायचा ठराव 20 जून 1991 ला मंजूर झाला, तोही अगदी थोडक्यात: 338 विरुद्ध 320 मतं. 1999 मध्ये संसद राइशटागमध्ये आली. आता संसद, चॅन्सलरचं कार्यालय हे सगळं जिथे, तिथे बंब आणि पोलीस जवळच हवेत ना?

जागा मिळाली श्प्रे नदीपलीकडे, मोआबिट भागात. तिथे एका मोठ्या जुन्या संकुलाचा एकच तुकडा उरला होता. बाकीचं युद्धात गेलेलं. सोपा मार्ग म्हणजे तो पाडायचा आणि नवं बांधायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही खुमखुमी चांगली ठाऊक आहे. जुना कोड दिसला रे दिसला की 'नव्याने लिहूया'!

माथियास साउअरब्रुख आणि लुईझा हटन यांच्या ऑफिसने तसं केलं नाही. जुनी इमारत ठेवली आणि तिला नवा भाग जोडला, जमिनीपासून वर उचललेला. त्यामुळे खाली गाड्यांना जागा राहिली. 2004 मध्ये काम पूर्ण झालं. दोन्ही खाती चोवीस तास जागी असतात, मग आवार, छप्पर, भिंती वेगवेगळ्या कशाला? जे वाटून घेतलं, ते दोनदा बांधावं लागलं नाही.

नव्या भागावर रंगीत काचेच्या मोठ्या पट्ट्या आहेत, कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या. खिडक्यांपुढच्या पट्ट्या उघडतात आणि ऊन अडवायच्या कामी येतात. रंग लाल ते हिरवा. लाल बंबाचा, हिरवा पोलिसांचा, कारण तेव्हा जर्मन पोलिसांचा गणवेश हिरवा होता.

आणि इथे इतिहासाने टपली मारली. पुढे एकेका राज्याने पोलिसांना निळा गणवेश दिला, बर्लिननेही. भिंत मात्र हिरवीच राहिली!

म्हणून मला ही इमारत आवडते. फोटोत चमकते ती काच, पण पर्यावरणाचा हिशोब मांडला तर मोठी बचत त्या न पाडलेल्या भागात आहे. वीट भाजायला, सिमेंट बनवायला प्रचंड ऊर्जा लागते. जुन्या भिंतीसाठी ती केव्हाच खर्च झालीये. पाडली की ती वाया जाते आणि नवीसाठी पुन्हा खर्च करायची.

गणवेशाचा रंग काही वर्षांत बदलला. दगडविटांची भिंत युद्ध, फाळणी, एकीकरण पाहून अजून कामावर आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुठे 'ग्रीन बिल्डिंग'ची पाटी दिसली, तर एक प्रश्न नक्की विचारा: इथे आधी काय उभं होतं, आणि ते का पाडलं?